बारावीनंतर थेट पॅरा एसएफमध्ये अधिकारी होता येतं का? आणि पुढची कारकीर्द कशी असते?

थेट नाही. पॅरा एसएफ म्हणजे लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटमधल्या स्पेशल फोर्सेसच्या, विशेष मोहिमांसाठीच्या बटालियन. अधिकाऱ्यांसाठी ‘पॅरा एसएफची भरती’ असा प्रकारच नाही. आधी लष्करात अधिकारी व्हायचं, मग स्वखुशीने पॅराशूट रेजिमेंट मागायची आणि मग युनिटने तुम्हाला ठेवून घ्यायचं. या तिसऱ्या पायरीची तयारी कुठल्याही क्लासमध्ये होत नाही.

बारावीनंतरचा मुख्य रस्ता एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. यूपीएससीची लेखी परीक्षा, पाच दिवसांची एसएसबी (निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या), वैद्यकीय तपासणी, मग खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय लष्करी अकादमीत) एक वर्ष. पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा देऊन आयएमए किंवा चेन्नईचं ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी). ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीचं अधिकारीपद: दहा वर्षं, वाढवून चौदा. पेन्शनला वीस वर्षं लागतात, त्यामुळे कायम कमिशन मिळालं नाही तर चौदाव्या वर्षी पेन्शनविना बाहेर. फॉर्म भरतानाच हा हिशेब करा.

अकादमीच्या शेवटच्या टर्ममध्ये रेजिमेंटची पसंती द्यावी लागते. गुणवत्ता यादी आणि त्या वेळच्या जागा यांवर वाटप ठरतं. तेव्हा हुकलं तरी दुसऱ्या रेजिमेंटमधून नंतर पॅरासाठी स्वेच्छेने नाव देता येतं.

मग प्रोबेशन, म्हणजे पारखण्याचा काळ. एसएफसाठी साधारण सहा महिने, आणि ते एखाद्या शाळेत नाही तर त्या बटालियनमध्येच. नवा लेफ्टनंट इथे साहेब नसतो. जवान प्रोबेशनरइतकाच जड पिठ्ठू (पाठीवरची पिशवी), तितकाच रगडा, तितकीच कमी झोप. दहा, वीस, तीस, चाळीस किलोमीटरचे स्पीड मार्च वजनासकट, आणि शेवटाकडे शंभर किलोमीटरचा. पण निकाल पायांवर लागतो हा समज अर्धाच खरा. दोन दिवस झोप नसताना नकाशा नीट वाचता येतो का, बडीचं (जोडीदाराचं) ओझं न सांगता उचलता का, चूक कबूल करता का, हे युनिटमधले जुने हवालदार बारकाईने बघत असतात. त्यांना ज्याच्या मागे जावंसं वाटत नाही, त्याचं धावणं कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. नापास झालेला अधिकारी नोकरीतून जात नाही, दुसऱ्या युनिटला जातो. त्यात कमीपणा काही नाही.

पॅराट्रूपरचे पंख (छातीवरचा बिल्ला) मिळवायला आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या माराव्या लागतात, त्यातली एक रात्रीची. लोकांना उडीचीच भीती वाटते, पण या सगळ्यात सोपा भाग तोच म्हणावा लागेल.

तयारीत बरीच मुलं बाद होतात ती नडगीच्या हाडामुळे. स्नायू आणि दम काही आठवड्यांत वाढतो. हाड मात्र ताणानंतर आधी झिजतं आणि मग भरून निघतं, त्याला महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवत गेलं की स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला बारीक तडा) ठरलेलं. म्हणून दहा किलो आणि पाच किलोमीटरपासून सुरुवात करा. एका आठवड्यात वजन किंवा अंतर यांपैकी एकच वाढवा. वजन घेऊन धावू नका, झपाझप चाला. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर ‘सहन करतो’ म्हणू नका, थांबा आणि डॉक्टरला दाखवा. बूट आधी सरावून घ्या. आत पातळ आणि बाहेर जाड असे दोन मोजे घातले तर फोड कमी येतात. लांबच्या मार्चला नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं, चक्कर आणि गोंधळ सुरू होतो. पाण्याबरोबर मीठही पोटात गेलं पाहिजे.

आता कारकीर्द. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, मधल्या खात्यांतर्गत परीक्षा पास झाल्या तर. कॅप्टनपर्यंत तुम्ही ट्रूप (छोटी तुकडी) घेऊन फिरता, मेजर झाल्यावर टीम (त्याहून मोठी तुकडी) सांभाळता. लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते एसएफचं आयुष्य एवढंच, साधारण दहा-बारा वर्षांचं. त्यातही मिझोराममधल्या वैरेंगटेचं जंगल युद्ध, गुलमर्गचं उंचावरचं युद्ध असे कोर्स आणि इतर पोस्टिंग येतात. पुढे तमिळनाडूतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, मुख्यालयातली टेबलं, फायली. कर्नल ही पहिली निवडीची पायरी, साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी. एसएफच्या बटालियन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि प्रत्येकीला सीओ (कमांडिंग ऑफिसर) एकच, त्यामुळे कमांड आपल्याच युनिटची मिळेल असं नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅरा एसएफचे, पण २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आलं तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. (२१ पॅरा ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन, १९९६ मध्ये एसएफ झाली.)

पगार इतर लष्करी अधिकाऱ्यांसारखाच: सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. एसएफचा भत्ता वेगळा. निवृत्ती कर्नलला ५४व्या वर्षी.

अजून दहावीत असाल तर छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयची (सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची) प्रवेश परीक्षा द्या. अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी तिथे राज्य सरकार करून घेतं. आणि डोळे, रंगदृष्टी, सपाट तळवे, गुडघे हे आत्ताच तपासून घ्या. रंगदृष्टीचा दोष सरावाने जात नाही, आणि तो एसएसबी पास झाल्यावर कळला तर हातात काहीच उरत नाही.