वाचकांचे प्रश्न : कानाचा ठणका आणि लसणीचं तेल

प्रश्न : मुलगा ३ वर्षांचा, वजन १४ किलो. सर्दीच्या चौथ्या दिवशी रात्री २ वाजता कान धरून रडत उठला. सासूबाई लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायचं म्हणतात. सोडावं का?

उत्तर : नको. तेल पडद्याच्या अलीकडे थांबतं, दुखणं पलीकडे असतं. मधला कान नाकाच्या मागच्या भागाला एका बारीक नळीने जोडलेला असतो. मोठ्या माणसात ही नळी उतरती असते, लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजली की आतला द्राव तुंबतो, त्यात जंतू वाढतात, पू होतो आणि पडदा आतून ताणला जातो. ठणका या ताणाचा. आडवं झाल्यावर तो वाढतो, म्हणून मूल रात्रीच उठतं. पडद्याला आधीच भोक पडलं असेल तर तेल थेट आत जातं. शिवाय तेलाने माखलेल्या कानात सकाळी डॉक्टरांना पडदा धड दिसत नाही, हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

रात्रीपुरतं पॅरासिटामॉल द्या. मात्रा किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे याला सुमारे २०० मिलिग्रॅम. आता बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, कारण घोळ इथेच होतो. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असेल तर ४ मिली पुरे. १२० असेल तर साधारण साडेआठ मिली लागेल. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर अनेकदा १ मिलीतच १०० असतात. स्वयंपाकघरातला चमचा नको, मापाचं झाकण किंवा सुईविना सिरिंज घ्या. पुढचा डोस ६ तासांनी, दिवसात ४ च्या वर नाही. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. मांडीवर उंच टेकवून धरलंत तर जरा आराम पडतो.

सकाळी कान दाखवून घ्या. २ वर्षांवरच्या मुलाचा एकच कान दुखत असेल आणि ताप १०२च्या आत असेल, तर डॉक्टर २-३ दिवस वाट पाहायला सांगू शकतात. त्यात हयगय नाही, बरेच कान आपोआप निवतात. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक मात्र काढू नका. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, मान ताठली किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : ५ वर्षांच्या मुलीच्या उशीवर सकाळी पिवळट डाग दिसला आणि दुखणं एकदम थांबलं. पडदा कायमचा गेला का?

उत्तर : बहुतेक नाही. पू बाहेर पडला, ताण सुटला, म्हणून दुखणं थांबलं. असं भोक सहसा काही आठवड्यांत भरून येतं. तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका : डोक्यावरून पाणी घेताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा लावा, नंतर काढा. पोहणं बंद. घरातले जुने थेंब घालू नका. काही औषधं फाटक्या पडद्यातून आत जाऊन ऐकण्याच्या नसेला इजा करतात. २ आठवड्यांनंतरही कान वाहतच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

कान कोरडा झाल्यावरही आत चिकट द्राव काही आठवडे राहू शकतो. टीव्हीचा आवाज वाढवते का, पाठीमागून हाक मारली तर ओ देते का, ते पाहा. ३ महिन्यांनंतरही ऐकू कमी येत असेल तर श्रवणचाचणी करून घ्या.