खिडकीच्या बीडिंगखालचा गंज : वेल्डिंग टाळता येईल का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे जुनी ट्रॅव्हलर आहे, मागच्या सीटा काढून आत बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं करून घेतलंय आणि सुट्टी मिळाली की श्रीवर्धनपासून तारकर्लीपर्यंत कुठेही जाऊन राहतो. आता बाजूच्या दोन खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आलेत, एका ठिकाणी अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत जातो. एक गॅरेजवाला म्हणतो कापून वेल्डिंग करू, पण आतून फोम आणि प्लायवूड लावलंय, ते सगळं खोलावं लागेल. दुसरा म्हणतो पुट्टी मारून रंग देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. काय करू? (एक वाचक, मालवण)

उत्तर : ताई, संध्याकाळी गाडी देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पुट्टी पाणी शोषते, तिच्याखाली गंज जिवंत असला की एका पावसाळ्यात फुगे परत वर येतात आणि तेव्हा भोक आधीपेक्षा मोठं असतं. वेल्डिंगवाला खोटं बोलत नाहीये, पण फोम लावलेल्या गाडीत ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण, त्यामुळे तुमची काळजीही बरोबर आहे.

वेल्डिंगशिवाय होतं, पण काच काढल्याशिवाय नाही. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसतो तेव्हा बीडिंगखाली (काचेभोवतीची रबरी पट्टी) गंज वीतभर पसरलेला असू शकतो. उन्हाने बीडिंग कडक होऊन आकसतं, कोपऱ्यात फट पडते, पाणी आत जाऊन पत्र्याच्या कडेवर बसतं, आणि आपल्याकडे त्यात खारा वारा, मीठ हवेतली ओल ओढून घेतं म्हणून ती जागा पाऊस नसतानाही नीट सुकत नाही. शिवाय तुम्ही गाडीत झोपता, चहा-जेवण करता, तो वाफारा काचेवर धरतो आणि ओघळून त्याच कडेवर जातो, म्हणजे गंज आतूनही लागतो. हे कॅम्परवाले कुणी लक्षातच घेत नाही. रात्री वरची झडप किंवा एक खिडकी थोडी उघडी ठेवा.

बीडिंग वाचवायच्या भानगडीत पडू नका, कापून टाका, नवीन मिळतं. काच टफन असते, तिची कड दगडावर आपटली तर चुरा होतो, म्हणून गादीवर ठेवा. मग कड गोड्या पाण्याने धुवा, मीठ गेलं पाहिजे, नाहीतर वर काहीही लावा खालून गंज चालूच. सुकल्यावर वायर ब्रशने आणि जाड पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचत जा, जिथे आत जाईल तिथला पत्रा संपला समजा.

इथे निर्णय करायचा. नुसते खड्डे असतील तर त्यात रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा घट्ट थर करणारं रसायन, लावा (पापुद्रे सुटतायत त्यावर लावून उपयोग नाही, तो खाली पोचतच नाही), अ‍ॅसिडवाला असेल तर डब्यावर लिहिलंय तसं धुऊन लगेच सुकवा. लहान भोकं असतील तर चिकटवायचा पॅच. पण काच जिच्यावर बसते ती कडच लांबवर गेली असेल, किंवा गंज खांबात, छताच्या पट्टीत, सीट बेल्टच्या बोल्टजवळ असेल, तर वेल्डिंगच, त्यात माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. पुढची काच चिकटवलेली असेल तर तिथेही तेच, ती काच गाडीच्या मजबुतीचा भाग असते.

पॅचसाठी पातळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, भोकाच्या चारी बाजूंनी इंचभर जास्त, दोन्हीकडे खरवडून, थिनरने पुसून, दोन भागांच्या इपॉक्सी अ‍ॅढेसिव्हने बसवा आणि घट्ट होईपर्यंत क्लॅम्प लावा. वाकड्या कोपऱ्यात पत्रा बसत नाही, तिथे फायबरचं कापड. हे सामान आपल्याकडे सोपं, जिथे फायबरच्या होड्या दुरुस्त होतात त्या बंदराजवळ मिळतं, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात काय किंवा तुमच्या मालवणात काय. फक्त होडीवाला सवयीने पॉलिएस्टर रेझिन आणि सुट्या धाग्यांची मॅट हातात देईल, तुम्ही इपॉक्सी रेझिन आणि विणलेलं कापड मागा. पॉलिएस्टर उघड्या लोखंडाला नीट धरत नाही, आणि त्या मॅटमधला गोंद पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, म्हणून ती ताठ राहते.

वरून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग हवी तर पुट्टीचा पातळ थर, मग रंग. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका, किनाऱ्यावर सकाळपर्यंत तांबूस होतो. बीडिंगखाली न सुकणारं ब्यूटाईल सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात नको, त्यातून निघणारं अ‍ॅसिड पत्रा खातं.

प्रश्न : सर, आगोट (पावसाळ्याची सुरुवात) तोंडावर आलीय, आत्ता काम काढू का? (दापोली)

उत्तर : नको. दमट हवेत इपॉक्सीही नीट बसत नाही आणि पत्राही सुकत नाही. आत्ता फुगे खरवडा, सुकवा, कन्व्हर्टर लावा आणि पत्र्याच्या गळतीला लावतो ती अ‍ॅल्युमिनियमची ब्यूटाईल टेप दाबून बसवा, दिसेल भिकार पण पावसाळा निघेल. खरं काम दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आत.

प्रश्न : समुद्राला लागून गाडी उभी असते, प्लास्टिकचं कव्हर घालू? (वेंगुर्ला)

उत्तर : प्लास्टिक नको, खाली घाम धरतो. छप्पर असेल तर उत्तम, चारी बाजू मोकळ्या. आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, पण विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते वापरू नका, नाहीतर आपणच मीठ शिंपडतोय. बीडिंगच्या खाचेत पाइप धरून कोपरे नीट धुवा आणि खाली पाणी जायची भोकं असतील तर ती तारेने मोकळी करा, बहुतेकांची मातीने बुजलेली असतात.