कोरीव पाटीसाठी पहिलं मटेरियल कोणतं?

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) नकोच. कितीही रंगवा, कोरलेल्या कडेतून पाणी शिरतं आणि अक्षरं पावासारखी फुगतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानावर पातळ, गडद पीव्हीसी फोमशीट (प्लास्टिकचा हलका बोर्ड) वाकते.

सुरुवातीला दोनच पर्याय धरा:
- मुरलेलं सागवान, किमान २५ मिमी. कडेचा पांढरट भाग काढा, वाळवी आधी तिथेच लागते.
- काळा ग्रॅनाइट. महाग, जड, पण नंतर काळजी नको. शहाबादी स्वस्त खरी, बारीक अक्षरांत कपच्या उडतात.

नवशिके हमखास फळीची मागची बाजू काहीच न लावता सोडतात. ती ओल पिते, फळी वाकते. सहाही बाजूंना सीलर (ओल रोखणारा लेप) द्या, आडव्या कापलेल्या टोकांना दोनदा. स्क्रू ३०४ स्टेनलेसचेच (३०४ ही स्टेनलेस स्टीलची प्रत). साध्या लोखंडाने सागावर काळे ओघळ येतात. सोनेरी वर्ख वगैरे नंतर बघू.