रोमची सायकल, टोकियोचे आईवडील : वाचकांची प्रश्नोत्तरे

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांतून, महिन्यातून एकदा सभागृहात एकत्र बसून चांगले परदेशी चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे बहुतेक प्रेक्षक साठीच्या पुढचे आहेत. खालच्या इंग्रजी ओळी वाचताना चित्र निसटते, अशी त्यांची तक्रार असते. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : तक्रार रास्त आहे, म्हणून ज्यात शब्दांवाचून फारसे अडत नाही अशा चित्रपटाने सुरुवात करावी. माझी पहिली निवड वित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८). युद्धानंतरच्या रोममध्ये एका बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी स्वतःची सायकल हवी, आणि ती गहाण पडलेली असते. बायको पलंगावरच्या चादरी उपसते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवली जाते. तिथला कारकून त्या चादरींचे गाठोडे घेऊन मांडणीवर चढू लागतो, तेव्हा तशीच असंख्य गाठोडी थेट छतापर्यंत रचलेली दिसतात. एका घराची अडचण साऱ्या शहराची कशी होती, हे एकही ओळ न वाचता कळते. नायकाचे काम करणारे लांबेर्तो माज्जोरानी हे व्यवसायाने नट नव्हते, कारखान्यातले कामगार होते. त्यांच्या चालण्यातला थकवा पाहताना हे लक्षात ठेवावे. चित्रपट दीड तासाचा आहे. आधी पाच मिनिटे कुणी मराठीतून पात्रांची नावे आणि नाती सांगावीत, शेवट मात्र सांगू नये.

प्रश्न : असे चित्रपट फार संथ असतात. नाटकाला तीन तास बसणारी आमची मंडळी इथे तासाभरात चुळबुळू लागतात. यावर उपाय काय?

उत्तर : नाटकात संथपणा खपतो, कारण तिथे कोण कुणाला काय बोलले याकडे आपले कान लागलेले असतात. चित्रपटात तीच उत्सुकता डोळ्यांनी धरावी लागते, आणि ती सवय यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’ने (१९५३) जितकी लागते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने लागेल. ओनोमिची गावचे म्हातारे आईवडील टोकियोतल्या मुलांकडे येतात. मुले वाईट नाहीत, पण त्यांना वेळ नाही. अखेर म्हाताऱ्यांसाठी खऱ्या अर्थाने वेळ काढते ती युद्धात गमावलेल्या मुलाची विधवा, म्हणजे त्यांची सून नोरिको. मुले पुण्याला किंवा बंगळूरला असलेल्या इंदुरी घरांत ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. आजी लहान नातवाला घेऊन घराजवळच्या उंचवट्यावर गेली आहे. मोठेपणी तू कोण होणार, वडिलांसारखा डॉक्टर का, असे ती विचारते. आणि तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का, असे स्वतःशीच म्हणते. नातू गवताशी खेळत राहतो, उत्तर देत नाही. घाई केली असती तर हा प्रसंग हातातून निसटला असता. ओझू कॅमेरा बहुधा खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवतात, त्यामुळे आपण त्या घरात पाहुणे म्हणून बसलो आहोत असे वाटते. चित्रपट सव्वादोन तासांचा आहे. मध्ये दहा मिनिटांचे मध्यंतर अवश्य ठेवावे.

प्रश्न : आठ-दहा वर्षांच्या मुलांना सोबत आणावे का?

उत्तर : अवश्य आणावे, आणि त्या दिवशी माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) लावावा. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात. तिची शाळा सकाळची आणि त्याची दुपारची, म्हणून एकच जोड दोघे वापरतात आणि रोज गल्लीत धावत येऊन बदलतात.

प्रश्न : चित्रपटानंतर चर्चा ठेवली की दोन-चार जणच बोलतात. सगळ्यांना बोलते करील असा चित्रपट कोणता?

उत्तर : असगर फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’ (२०११). पहिल्याच दृश्यात नवरा-बायको न्यायाधीशापुढे बसून घटस्फोटाविषयी बोलतात, आणि कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी असल्यामुळे निवाडा आपल्यावर येऊन पडतो. तिला देश सोडायचा आहे. त्याला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडायचे नाही. त्या वृद्धाच्या देखभालीला ठेवलेल्या बाईंपुढे त्यांचे कपडे बदलण्याची वेळ येते, तेव्हा हे केल्याने पाप लागेल का, असे त्या फोन करून विचारतात. कुणालाही खलनायक ठरवता येत नाही, म्हणूनच प्रत्येकाला काही म्हणायचे असते. दिवे लगेच लावू नयेत. नावे संपेपर्यंत शांतता राहू द्यावी आणि ‘चूक कोणाची’ हा प्रश्न सर्वांत आधी घरातल्या तरुणांना विचारावा.

प्रश्न : परवानगी लागते का? आणि जुन्या चित्रपटांतली माणसे आमच्या पडद्यावर रुंद का दिसतात?

उत्तर : लागते. घरी पाहण्यासाठी घेतलेल्या वर्गणीत जाहीर खेळाचा हक्क येत नाही. तो हक्कधारकाकडून घ्यावा लागतो, आणि जाहीर प्रदर्शनासाठी १९५२च्या कायद्यानुसार प्रमाणपत्रही लागते. देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९पासून आहे आणि त्याचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते; अशा सोसायटीशी जोडून घेतल्यास ही वाट पुष्कळ सोपी होते.

दुसरी अडचण आपल्याच हातची आहे. तेव्हाची चौकट जवळजवळ चौकोनी असे, आणि आजचा प्रोजेक्टर ती ताणून रुंद पडदाभर पसरवतो. ते ताणणे सेटिंगमध्ये बंद करावे आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. आदल्या दिवशी दहा मिनिटे लावून पाहावे. सायकलचे चाक गोल दिसले, तर सारे ठीक आहे.