शिकारी पक्ष्यांची नावे वाचताना

नव्याने पक्षीनिरीक्षण सुरू करताना शिकारी पक्ष्यांची मराठी नावे आधी नीट समजून घ्यावीत, असे मी सुचवेन. मात्र प्रत्येक नावावर सारखाच विश्वास ठेवू नये. सर्पगरुड हे नाव खरे आहे, कारण तो मुख्यतः साप आणि इतर सरपटणारे प्राणी खातो. शिक्रा हे नाव ‘शिकारी’ या शब्दाशी नाते सांगणारे असल्याने ते जवळपास कोणत्याही शिकारी पक्ष्याला शोभेल, आणि म्हणूनच ओळखीच्या कामी फारसे येत नाही. मधुबाज मात्र हमखास फसवतो: नावात मध असला तरी त्याचे खरे लक्ष पोळ्यातील अळ्यांवर असते, आणि डंखांपासून बचावासाठी त्याच्या चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट, आखूड पिसे असतात. शिवाय दिसण्यात तो इतका बदलता आहे (फिकट, तपकिरी, जवळजवळ काळाही) की केवळ रंगावरून त्याला ओळखू नये. घारींच्या बाबतीत शेपटी पाहावी. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, तर ब्राह्मणी घारीची गोलसर असते.