रॉ फाइल्स आणि सॉफ्टवेअरची निवड

प्रश्न : एका समारंभाचे दीड-दोन हजार रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) फोटो जमतात. अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो-एडिटरमध्ये ते निवडण्यातच दिवस जातो. त्याऐवजी कॅप्चर वन किंवा डार्कटेबल घेतलं तर काम लवकर उरकेल का?

उत्तर : तुमचा वेळ एडिटिंगमध्ये नाही, निवडीत जातोय. त्यासाठी एडिटर बदलण्याची बहुधा गरज नाही. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग असतोच. लाइटरूम तो बाजूला ठेवून स्वतःचा प्रीव्ह्यू बनवत बसतं, म्हणून पुढचा फोटो उघडताना अडकतं. इम्पोर्ट करताना ‘बिल्ड प्रीव्ह्यूज’मध्ये ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा. निवड डेव्हलपमध्ये (एडिटिंगच्या भागात) करू नका, लायब्ररीतच (फोटो पाहण्या-लावण्याच्या भागात) करा. कॅप्सलॉक चालू ठेवून ठेवायच्या फोटोला पी, टाकायच्याला एक्स दाबा. पुढचा फोटो आपोआप येतो. एक अडचण मात्र आहे. काही कॅमेऱ्यांतला हा जेपेग लहान असतो आणि डोळ्यांवरचा फोकस त्यात नीट कळत नाही. अशा वेळी आधी फास्टरॉव्ह्यूअर या रॉ फोटो पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड करा. ते थेट रॉ दाखवतं, हिस्टोग्रामही (उजेड-अंधाराचा आलेख) रॉचाच. तिथे दिलेले स्टार एक्सएमपी (फोटोशेजारी नोंदी ठेवणाऱ्या छोट्या) फाइलमधून लाइटरूममध्ये येतात.

कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून स्टुडिओत काम करत असाल, तर कॅप्चर वनचं सेशन खरोखर सोयीचं : कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट, ट्रॅश असे फोल्डर तयार मिळतात. वरच्या आयएसओतला नॉइज (दाणेदारपणा) छळत असेल तर डीएक्सओ फोटोलॅब पाहा, पण त्यातलं नॉइज काढणारं डीपप्राइम साध्या ग्राफिक्स कार्डावर फार वेळ खातं, म्हणून ते निवडलेल्या फोटोंवरच चालवा. डार्कटेबल मोफत आहे आणि ताकदीचंही. शिकायला सवड हवी. काहीही घेण्याआधी तेच पन्नास फोटो (पाठीमागून उजेड, मिश्र प्रकाश, त्वचा, वरचा आयएसओ) प्रत्येकात इम्पोर्टपासून एक्स्पोर्टपर्यंत न्या आणि घड्याळ लावा.

प्रश्न : लाइटरूम सोडलं तर जुनं एडिटिंग नव्या सॉफ्टवेअरमध्ये येईल का?

उत्तर : जसंच्या तसं येणार नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरचं गणित वेगळं. एकातलं हायलाइट्स (उजळ भाग) उणे ४० दुसऱ्यात तसं दिसत नाही. स्टार आणि कीवर्ड येतात. त्यासाठी लायब्ररीच्या ग्रिडमध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा, म्हणजे ते एक्सएमपीत लिहिले जातील. फ्लॅगवर (पी-एक्सच्या खुणांवर) विसंबू नका, त्यांचे आधी स्टार करून घ्या. महत्त्वाच्या फोटोंची १६ बिट टिफ (दर्जा न घालवणारी मोठी फाइल) काढून ठेवा; २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस न केलेली एक टिफ साधारण १४४ एमबी होते, म्हणून बाकीच्यांना जेपेग पुरे. वर्गणी संपल्यावरही क्लासिकचा कॅटलॉग उघडतो, एक्स्पोर्टही होतो. बंद होतं ते डेव्हलप. तेव्हा घाईने सगळं एक्स्पोर्ट करत बसू नका.

प्रश्न : नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्स जुन्या लाइटरूम ६ मध्ये उघडत नाहीत. काय करू?

उत्तर : अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर घ्या (तो रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात बदलतो) आणि त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी जुन्या आवृत्तीची ठेवा. मूळ रॉ मात्र पुसू नका. कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर सहसा असा डीएनजी उघडत नाहीत.