५२९ मधले उरलेले चाळीस हजार

चि. बाळा,

परवा देवळाबाहेर चपला शोधताना तुझे बाबा म्हणाले, "पोराची डिग्री झाली. ५२९ मध्ये चाळीस हजार डॉलर उरलेत, काढून टाकतो. दंड तर दंड!" म्हटलं, थांबा, आधी मी त्याला लिहितो.

५२९ म्हणजे इथलं, अमेरिकेतलं, शिक्षणासाठी बचतीचं खातं. ते बाबांचं आहे, तू नुसता लाभार्थी. तेव्हा 'माझे पैसे' म्हणून भांडू नकोस. बोल मात्र जरूर.

पैसे शिक्षणाबाहेर वापरले की दंड बसतो, पण त्याचा उगाच बागुलबुवा झालाय. समज, चाळीसपैकी चोवीस हजार त्यांनी भरलेले, सोळा ही वाढ. दहा हजार काढले तर त्यातले चार हजार वाढ धरतात आणि १० टक्के दंड फक्त त्या चारांवर, म्हणजे चारशे डॉलर. त्याच चारांवर इन्कम टॅक्स वेगळा. तुला स्कॉलरशिप होती ना? तेवढ्या रकमेपुरता दंडही माफ, टॅक्स काही सुटत नाही. काही राज्यं पूर्वी टॅक्समध्ये दिलेली सवलतही परत मागतात, ते आधी बघा.

मी थोरल्याच्या वेळी घाबरून सगळं काढलं, वर चेक माझ्या नावे घेतला. ती वाढ माझ्या पगारात मिळवली गेली आणि टॅक्स माझ्या दराने बसला. पंचविशीतला पोरगा तेव्हा कॉफीच्या दुकानात कामाला होता! चेक त्याच्या नावे घेतला असता तर किती वाचले असते, हा हिशेब तुझी काकू अजून काढते.

तुझ्यासाठी मला रॉथ आयआरएचा, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्याचा, रस्ता पटतो. ५२९ मधले पैसे त्यात हलवायची ही सोय २०२४ पासून आली. ५२९ खातं पंधरा वर्षं जुनं लागतं. तुझं तू बालवाडीत असताना उघडलेलं आहे. गेल्या पाच वर्षांत भरलेले पैसे मात्र हलत नाहीत. जन्मभरात ३५,००० डॉलर, आणि एका वर्षात त्या वर्षीच्या आयआरएच्या मर्यादेइतकेच: २०२५ साठी ती ७,००० होती. तू स्वतः दोन भरलेस की पाचच उरले. तेवढी कमाईही हवी, म्हणून नोकरी धरून ठेव. पैसे एका खात्यातून थेट दुसऱ्यात जाऊ देत, मधे चेक नको.

बहिणीचं शिक्षणाचं कर्ज असेल तर त्यातही १०,००० पर्यंत देता येतात. लाभार्थीही बदलता येतो. चुलत, मामे, मावस, आते, सगळ्यांना इथे एकच 'कझिन' शब्द, आणि सगळी चालतात! पुण्याची आत्येबहीण इकडे एम.एस.ला आली आणि तिला टॅक्सचा नंबर मिळाला, तर तिचाही विचार होईल. तुला स्वतःला पुढे शिकायचं असेल तर पैसे तसेच राहू देत, त्यांना मुदत नाही.

बाबांना प्लॅनवाल्यांकडून कोणत्या वर्षी किती भरले त्याचं स्टेटमेंट मागवायला सांग. मागच्या पाच वर्षांच्या रकमांवर पेन्सिलने खूण कर आणि रविवारी घेऊन ये, बेरीज इथे करू.

तुझा,
काका